आबांच्या बंदुकीची नळी

मला बंदुकीतलं काही कळत नव्हतं, म्हणून मला बंदुकांचं टेबल मिळालं. आमच्या कचेरीची ती रीतच होती. ज्याला शेतीची खडान्‌खडा माहिती तो जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचा, आणि ज्याने उभ्या जन्मात दारूला बोट लावलं नव्हतं त्याच्याकडे ताडीचे परवाने. मी तळेगावची, मॅट्रिक आणि टायपिंग झालेली, तालुक्याच्या कचेरीतली एकुलती एक बाई. शस्त्र परवान्यांचं टेबल रिकामं झालं तेव्हा सगळ्यांनी कानावर हात ठेवले. अव्वल कारकून म्हणाले, "बाई, तुम्हीच घ्या. तुमच्या तोंडापुढे बंदुकीची काय मजल?" बाकीचे हसले. मला राग आला, आणि राग आला की मी हो म्हणते. ती खोड अजून गेलेली नाही.

साठचं दशक उताराला लागलं होतं. मावळात तेव्हा बंदुका बहुतेक ठासणीच्या आणि परवाने बहुतेक पीक संरक्षणाचे. डोंगराच्या कडेला भात, भाताच्या वर रान आणि रानात डुकरं. भातात दाणा भरू लागला की डुकरांची कुटुंबंच्या कुटुंबं खाली उतरायची. खायची पावशेर आणि तुडवायची मणभर. म्हणून चार-दोन वाड्यांत मिळून एखाद्याला बंदूक बाळगायला सरकार परवानगी देई, आणि ती बंदूक म्हणजे सगळ्या वाडीची राखण असे. हे सगळं मला फायलींतून कळलं. रानडुक्कर मी तोवर चित्रातच पाहिलेलं होतं.

त्या टेबलावर बसून महिना झाला नसेल, तोच वरून एक परिपत्रक आलं. नव्या शस्त्र कायद्यानुसार लष्करी बोअरची रायफल खासगी माणसाला ठेवायला मनाई होती. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचं माप. पलटणीची रायफल थ्री-नॉट-थ्री. तिचं काडतूस चुकून कोठाराबाहेर पडलंच तर ते बाहेरच्या कुणाच्या बंदुकीत चालू नये, असा त्यातला हिशोब. ज्यांच्याकडे अशा रायफली असतील त्यांनी त्या जमा कराव्यात, नाही तर परवानगी घेऊन बोअर बदलून तीनशे पंधराचा करून घ्यावा. मी परिपत्रक वाचलं, फायलीला लावलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. आमच्या डोंगराळ तालुक्यात रायफलवाला कोण असणार?

एक होता. परिपत्रकाच्या मागोमाग आठ दिवसांत तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

पवनेच्या खोऱ्यात चौदा घरांची एक वाडी होती, तिथले हे आबा. सगळी वाडी आबा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. साठीचा काटक माणूस, खांद्यावर घोंगडी, हातात पत्र्याची डबी. डबीतून त्यांनी घडी घातलेला परवाना काढला. तरुणपणी ते खंडाळ्याच्या एका गोऱ्या साहेबाचे वाटाडे होते. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा आपली रायफल आबांच्या नावावर करून गेला. तेव्हाच्या नियमात ते कसं बसलं हे त्या साहेबालाच ठाऊक. पुढे दरसाल परवाना नवा होत गेला आणि बोअरच्या रकान्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाईसायेब," आबा म्हणाले, "पोलीस पाटलानं कागुद वाचला. म्हन्तो, आबा, तुमची बंदूक आता गुन्हा झाली."

"बंदूक नव्हे, नळी," मी फार माहिती असल्यासारखी म्हणाले. "नळीच्या भोकाचं माप बसत नाही."

"मंग नळी बदला की. बंदूक ऱ्हाऊ द्या."

इतकं सोपं होतं ते. ते व्हायला दोन वर्षं गेली. बेकायदा वस्तू घरात नको म्हणून आबांनी त्याच दिवशी रायफल पोलीस ठाण्यात ठेवली आणि पावती डबीत घातली. जाताना मला एवढंच म्हणाले, की भाताला दाणा भरायच्या आत बंदूक मिळाली तर चौदा घरांचं पीक घरात येईल, नाही तर डुकरं खातील. हे त्यांनी एकदाच सांगितलं. मी ते पुढे रोज स्वतःला सांगत होते.

माझे यजमान देहूरोडच्या लष्करी डेपोत फिटर. डेपोत काय चालतं हे त्यांनी मला उभ्या संसारात सांगितलं नाही, घरी कधी एक स्क्रूसुद्धा आणला नाही. पण बंदूक या विषयावर विचारलं की त्यांची कळी खुलायची. मी घरी येऊन म्हणाले, "मला नळी बदलणं म्हणजे काय ते समजावून सांगा."

"मी हात लावणार नाही हं," ते आधीच म्हणाले. "बाहेरच्या हत्याराला हात लावला तर नोकरी जाईल. आणि कायद्यानंही ते काम परवानेदार कारागिरानंच करायचं असतं."

"हात कोण लावायला सांगतंय? तोंडानं सांगा."

त्यांनी फळीवरचा चकलीचा सोऱ्या काढला. चकलीची ताटली बसवली की चकली, शेवेची बसवली की शेव, सोऱ्या तोच, असं त्यांनी मला दाखवलं. मी म्हणाले, "म्हणजे ताटली बदलली की झालं!"

"इथंच तुम्हा कचेरीवाल्यांचं चुकतं," ते म्हणाले आणि चहा थंड होईस्तोवर बोलत बसले. नवी नळी मागच्या बॉडीत, म्हणजे चाप असतो त्या लोखंडी सांगाड्यात, जिथल्या तिथे बसली पाहिजे. काडतूस जिथे बसतं ती जागा त्याच काडतुसाच्या मापाची हवी, सैल नको आणि तंगही नको. मागून त्याला धरून ठेवणारा बोल्ट पुरता बंद झाला पाहिजे. खालच्या डब्यातून काडतूस अडखळत वर येता कामा नये. आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीकसा उंचवटा, तीही नव्याने जुळवायची.

"आणि यातलं एखादं चुकलं तर?"

"तर सोऱ्या हातात फुटेल," ते शांतपणे म्हणाले. त्या दिवाळीपासून मी चकल्या पाडताना जरा मान मागे घेऊन बसते.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने टिपणी लिहिली. "ज्याप्रमाणे ताटली बदलल्याने सोऱ्या बदलत नाही, तद्वत नळी बदलल्याने रायफल बदलत नाही" असं तीत एक वाक्य होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. टिपणी मामलेदारसाहेबांकडून परत आली तेव्हा त्या वाक्याखाली लाल शाई होती, आणि समासात लिहिलेलं होतं: शासकीय टिपणीत फराळ नको. अव्वल कारकुनांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. पुढे महिनाभर जो तो मला विचारायचा, "बाई, आज कोणत्या बोअरची शेव?" मीही कमी नव्हते. ज्यांनी विचारलं त्यांच्या टायपिंगचे कागद मी दुपारी चारनंतरच घ्यायला लागले.

जिल्ह्याहून आलेले प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. रायफलीचा नंबर दोन ठिकाणी ठोकलेला असतो, नळीवर आणि बॉडीवर. नळी बदलली की एक नंबर गेला. मग परवान्यावर कोणता लिहायचा? नळी म्हणजेच बंदूक असं धरलं तर ही बंदूक नवी झाली. नव्या बंदुकीला नवा परवाना, नव्या परवान्याला नवी चौकशी, आणि वर जुनी बंदूक कुठे गेली याचा दाखला. बरं, बॉडी म्हणजे बंदूक धरली तर ही नुसती दुरुस्ती. पण दुरुस्तीच्या नावाखाली परवान्यावरचा बोअर बदलता येत नाही, आणि तो तसाच ठेवला तर परवानाच बेकायदा. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या मध्ये आबांची रायफल ठाण्याच्या खोलीत धूळ खात पडलेली.

मी शेवटी आबांनाच विचारलं. "आबा, तुमच्या मते बंदूक म्हणजे काय? पुढची नळी, की मागची बॉडी?"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "बाई, नांगराचा फाळ झिजला की आमी नवा बशिवतो. म्हून नांगुर दुसऱ्याचा व्हतो व्हय? आन बंदूक म्हंजी दस्ता. खांद्याला दस्ताच बसतो, नळी न्हाई बसत."

हे तिसरंच निघालं. नांगर आणि दस्ता दोन्ही वगळून मी लिहिलं, की शस्त्राची ओळख बॉडीवरील क्रमांकावरून ठरवावी, नळीवर तोच क्रमांक कारागिराने ठोकून द्यावा आणि बोअरचा बदल परवान्यावर स्वतंत्र शेरा मारून नोंदवावा. या वेळी फराळ नव्हता, म्हणून कागद जिल्ह्याला गेला. तिथून तो केव्हा येणार हे सांगायला मात्र कुणी तयार नव्हतं.

तोवर एक हंगाम गेला. मग दुसराही गेला. आबा दर महिन्याला एकदा यायचे. पहिल्यांदा त्यांनी पानात बांधून करवंदं आणली. मी ती नियमाने नाकारली आणि मग इतकी शरमले, की दुसऱ्या खेपेला घेतली आणि सगळ्या कचेरीला वाटली. टेबलासमोर बसून ते वाडीची खबर सांगत. "औंदा वरची तीन खाचरं ग्येली," असं म्हणत, आणि ते असं की जणू पाहुणे येऊन गेले. पत्र्याचे डबे वाजवून, शेकोट्या करून पोरं राखण करतात; पण डुकरं आता डब्यांना सरावली. त्यांच्या एका चुलतभावाला डुकराने मांडीत दात मारला, ते मला त्यांनी पुढच्या महिन्यात सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. भांडले असते तर बरं झालं असतं. ते भांडत नव्हते म्हणून मी भांडायचे. अव्वल कारकून म्हणाले, "बाई, सरकारी काम आणि सहा महिने थांब." मी म्हणाले, "मग डुकरांनाही तसं परिपत्रक पाठवा." त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनीच जिल्ह्याला स्मरणपत्राचा मसुदा करून माझ्या टेबलावर ठेवला. मनाने वाईट नव्हते.

अखेर परवानगी आली, तीही एका नव्या गाठीसकट. काम पुण्याच्या परवानेदार कारागिराकडे व्हायचं होतं. म्हणजे रायफल ठाण्यातून काढून पुण्याला न्यायची. म्हणजे जी बंदूक बाळगणं गुन्हा, ती बाळगून प्रवास करण्याची परवानगी आबांना द्यायची. तसा नमुना छापील फॉर्ममध्ये कुठून असणार? मी एक दाखला टाइप केला, मामलेदारसाहेबांनी तो तीनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "बाई, हे वाटेत कुणी वाचलं तर आपल्या दोघांना वेड्यात काढतील."

यजमानांनी एक दिवसाची रजा काढली आणि हात न लावण्याच्या अटीवर आबांबरोबर पुण्याला गेले. त्यांनी सगळं डोळ्यांखालून घातलं. काम चोख झालं, पण शेवटच्या चाचणीला आबांचा मोठा अपमान झाला म्हणे. नवी नळी बसवलेली बंदूक कुणी खांद्याला लावून उडवत नाही. कारागिराने ती लाकडी घोडीला घट्ट बांधली आणि भिंतीआडून दोरीने चाप ओढला.

"बांधून मारत्यात व्हय?" आबा संतापले. "बंदूक हाय का कसायाची गाय?"

बंदूक फुटली नाही, बोल्ट सुरळीत उघडला, काडतुसाची रिकामी टरफलं यजमानांनी उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. सगळं कसं छान पार पडलं. आणि मग यजमान पाच मिनिटं समोरच्या हॉटेलात चहाला गेले. घोटाळा झाला तो त्या पाच मिनिटांत.

आमच्या मावळातल्या शेतकऱ्याचा एक नेम आहे. कुऱ्हाड बदला, फाळ बदला, गाडीच्या चाकाची धाव बदला; जुनं लोखंड लोहाराकडे सोडायचं नाही. आपल्या घरचं लोखंड आपल्या घरी आलं पाहिजे. आबांनी कारागिराकडून जुनी नळी मागून घेतली. कारागीर म्हातारा, गिऱ्हाईक त्याहून हट्टी, त्याने दिली. परवान्यावर शेरा पडेपर्यंत रायफल पुन्हा ठाण्यात गेली, जुनी नळी मात्र घोंगडीत गुंडाळून वाडीवर गेली, आणि पंधरा दिवसांनी जिल्ह्याहून मला पत्र आलं: काढून टाकलेली मनाई बोअरची नळी कोठे जमा केली, त्याची पावती जोडावी.

ते पत्र घेऊन मी कायद्याचं पुस्तक उघडलं. कायद्याच्या नजरेने बंदुकीचा सुटा भागही हत्यारच. दोन वर्षं झगडून जो गुन्हा आम्ही पुसला होता, तो आबांनी घोंगडीत गुंडाळून परत घरी नेला होता. समक्ष पाहणी करा असा हुकूम निघाला. पोलीस ठाण्याचे एक हवालदार आणि परवान्याच्या टेबलाची म्हणून मी, असे आम्ही निघालो. कामशेतहून पुढे धड बस नव्हती. खाली नदीवर धरणाचं काम चालू होतं, त्या दगडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आम्ही खोऱ्यात उतरलो आणि उरलेली वाट चालत चढलो. हवालदार जाडे होते. दर चढाला थांबून ते म्हणायचे, "ह्या नळीनं माझा जीव घेतला, न उडता."

आबा घरी नव्हते, रानात गेले होते. सून होती. तिने आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. दार उघडंच होतं. हवालदारांनी रीतसर पाहणी सुरू केली. कणगीत हात घातला, आढ्याला चाचपलं, पेटी उघडली. आत चूल धुमसत होती आणि सून जोरजोरात फुंकत होती. मी सहज आत पाहिलं. फुंकणी चांगली दोन हात लांब होती. जाडजूड, काळीभोर. आणि तिच्या निखाऱ्याकडच्या टोकाला एक बारीकसा उंचवटा होता.

माशी! सोऱ्याच्या दिवशी यजमानांनी सांगितलेली ती माशी. हवालदारांनी आधी पाहिलं तर "घरात दडवलेलं मनाई हत्यार सापडलं" असं होणार, आबांवर खटला, आणि रायफल गेली ती गेलीच. आबांनी आपण होऊन काढून दिली तर नुसती जमा. सगळा फरक कोण आधी बोलतं त्यात होता. हवालदार आता स्वयंपाकघराकडेच वळत होते. तेवढ्यात आबा लाकडाची मोळी घेऊन दारात आले. मी ओरडलेच, "आबा! ती चुलीची फुंकणी हवालदारसाहेबांना तुमच्या हातानं द्या. आत्ताच्या आत्ता!"

आबांनी मोळी टाकली, आत जाऊन सुनेच्या हातातून नळी घेतली आणि हवालदारांपुढे धरली. "घ्या. पर हिच्यातनं आता नुसती फुक जातिया."

"ही कुठे लपवली होती?" हवालदार दरडावून म्हणाले.

"लपिवली?" आतून सून फणकारली. "दिसातनं तीनदा हातात असतिया माज्या. लय झ्याक फुकती. आता चूल कशानं फुकू? आन तुमचा च्या?"

चहा अर्धाच उकळला होता. हवालदारांनी चुलीकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, चढाव आठवला असावा. आणि त्यांनी ती नळी सुनेला परत दिली. "आधी चहा होऊ दे," ते म्हणाले. मग चहा झाल्यावर पंचनामा झाला. एक लोखंडी नळी, आरपार भोक, एका टोकास काजळी, परवानाधारकाने मागताक्षणी हजर केली. मनाई बोअरच्या हत्यारावर केलेला चहा आम्ही सरकारी नोकरांनी प्यायला, ही नोंद मात्र त्यात नाही. सुनेला पुढच्या आठवड्यात यजमानांनी बाजारातून विकत घेतलेल्या पाइपाची फुंकणी करून पाठवली. ती तितकी झ्याक फुकत नाही, असा निरोप आला.

श्रावणात आबांच्या परवान्यावर तीनशे पंधराचा शेरा पडला. शिक्का मी स्वतः मारला, आणि इतक्या जोरात मारला की दौत कलंडली. आबांनी रायफल ठाण्यातून घेतली, पंचवीस काडतुसं घेतली आणि दस्ता खांद्याला लावून पाहिला. भातात दाणा भरायला अजून दीड महिना होता. आम्ही जिंकलो होतो. त्या दिवशी मी सगळ्या कचेरीला चहा आणि शेव दिली, बोअर न विचारता.

भूसंपादनाचं टेबल माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून होतं. तिथे काय चालतं ते मी कधी पाहिलं नाही. माझं टेबल बंदुकांचं, त्यांचं जमिनीचं. त्याच पावसाळ्यात वाडीला नोटिशी लागल्या. धरणाचं पाणी चढणार ती रेघ आबांच्या घराच्याही वरून गेली होती. पुढच्या पावसाळ्यात सगळी खाचरं पाण्याखाली. उभं होतं ते भात शेवटचं. मी दोन वर्षं नळीच्या भोकाचं माप घेत बसले होते आणि दोन खुर्च्यांपलीकडे हे चाललं होतं. धरण होणार हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, मी त्याच धरणाच्या ट्रकमधून गेले होते. तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

वर्षअखेर आबा परवाना नवा करायला आले. बरोबर रायफल होती. मी फॉर्म पुढे ओढला. त्यात एक रकाना होता: संरक्षण करावयाच्या पिकाचे क्षेत्र व सर्व्हे नंबर. ते सर्व्हे नंबर आता सरकारच्या नावावर होते. मी तयारी करून बसले होते. म्हणाले, "आबा, मी वाट काढलीय. पीक संरक्षण खोडून स्वसंरक्षण लिहू. मी वरपर्यंत भांडेन."

"कुनापासनं सौंरक्षन?"

"चोर, दरोडेखोर. कुणीही."

"माज्या घरात चोरण्याजोगी ही बंदूकच हाय. तिला राखायला तिलाच ठिवू?"

मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्यांनी रायफल टेबलावर आडवी ठेवली आणि शेजारी काडतुसांची पेटी. वापरलेल्या आणि उरलेल्या काडतुसांचा मेळ घ्यावा लागतो, म्हणून मी मोजली. पंचवीस होती. पुन्हा मोजली. पंचवीसच.

"आबा, एकही उडवलं नाहीत? या वर्षी डुकरं आली नाहीत?"

"आली की. समदी आली, पिल्लांसकट. म्या माळ्यावर बसून बघत हुतो, भरल्याली बंदूक मांडीवर घिऊन."

"मग?"

"वाडीनं ठरिवलं, पोटापुरतं कापून घ्यायचं, ऱ्हायलेलं त्येंना खाऊ द्यायचं. त्येंचं बी रान पान्यात चाललंय, बाई. जाताना उपाशी कशाला घालवायची?"

मला रडू आवरेना, आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी म्हणाले, "मग ही नळी, ही पत्रं, तुमचे दोन वर्षांचे हेलपाटे, हे सगळं कशाला केलंत?"

"तवा भात आमचं हुतं," आबा म्हणाले.

अव्वल कारकून उठून माझ्यासाठी पाणी घेऊन आले आणि परत जाऊन बसले. मी डोळे पुसले आणि पावती करायला घेतली. बॉडीवरचा नंबर लिहिला, बोअर लिहिला, काडतुसं लिहिली. शेवटचा रकाना होता, शस्त्र जमा करण्याचे कारण. तिथे लिहायचं वाक्य ठरलेलं असतं, आणि मी ते लिहिलं: परवानाधारकाने स्वखुशीने जमा केले. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्याहून मोठं खोटं मी लिहिलेलं नाही.